पोह्यांवरची बडीशेप

मुलुंडला आमच्या बैठ्या घरामागे बाबांनी डब्यातली मूठभर बडीशेप पेरली, तेव्हा आई म्हणाली, "उगवली तर नाव बदलीन!" उगवली, आणि माझ्या खांद्याला लागली. कापली तरी बुडातून पुन्हा फुटायची. कचेरीतून आले की बाबा आधी तिच्याकडे जात, मग चहाकडे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकाशी कोवळा तुरा चुरगळून धरत. लोक म्हणत, "छान आहे हो शेपू." मग जेवणापर्यंत बाबा कुणाशी बोलत नसत.

त्याच सुमारास भांडुपहून मला बघायला मंडळी आली. मुलगा, त्याची आई आणि वडील. कांदेपोहे तयार झाले आणि लक्षात आलं, कोथिंबीरच नाही.

"असे बोडके पोहे नेऊ का पाहुण्यांपुढे?" आई कुजबुजली.

"थांब," म्हणत बाबा मागच्या दारी गेले. आईनं हात धरायच्या आत त्यांनी बडीशेपेचा पाला चिरून पोह्यांवर भुरभुरलासुद्धा.

मी बशा नेल्या. मुलाच्या आईनं पहिला घास घेतला आणि विचारलं, "गोड वास कसला गं येतोय?" मी पाण्याचा पेला पुढे केला. मुलगा खाली मान घालून एकेक हिरवी काडी बशीच्या कडेला लावत होता. त्याच्या वडिलांना गॅसचा त्रास. "मला अगदी चमचाभरच," असं आल्याआल्याच बजावलं होतं त्यांनी. पण त्यांनी बशी संपवली, आणखी मागितले, तेही संपवले आणि अशी ढेकर दिली की खिडकीतलं मांजर खाली उडी मारून पळालं.

"अहो, काय हे!"

"अगं, कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं!"

कशामुळे, हे बाबांनी अभिमानानं सांगितलं. झालं! दोघे जे मागच्या दारी गेले, ते येईचनात. आई आणि मुलाची आई हवेबद्दल बोलून बोलून थकल्या. शेवटी मुलानंच मला विचारलं, "तुम्हाला आवडते बडीशेप?"

"वीट आलाय," मी बोलून गेले.

तो खळखळून हसला. तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं.

इतक्यात त्याचे वडील वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रोप छातीशी धरून आत आले. "आम्हाला पसंत आहे!"

"काय पसंत आहे, ते तरी सांगा!" त्यांची बायको म्हणाली.

लग्न झालं. मंगलाष्टकं चालू असताना दोन्ही व्याही खताबद्दल इतक्या मोठ्यानं बोलत होते, की भटजींनी थांबून त्यांना मांडवाबाहेर जायला सांगितलं. आनंदानं गेले.