करंगळीपर्यंतची लाट

आमचे हे काच कापतात. पंचवीस वर्षं एकच दुकान, जाड कापड अंथरलेलं एकच टेबल. कटरनं एक रेघ, टेबलाच्या कडेवर एक ठोका, की काचेचे सरळ दोन तुकडे. बोलणं मोजूनमापून. चार माणसांत नेलं तर कोपऱ्यातली खुर्ची धरतात आणि अर्ध्या तासानं विचारतात, "निघायचं का?" हा माणूस नाचतो, आणि लोक गोल करून बघतात, असं सांगितलं तर मलाच वेड्यात काढतात. लग्नाआधी माझी आई म्हणाली होती, "हा नाचतो? ह्याला साधं चालताना बघ, पाय ओढत चालतो!"

पण हा नाच पायांचा नाहीच मुळी. लिक्विड म्हणतात ह्याला. सगळा खेळ हातांचा. कुठून आला, यावर हे नाचायला जायचे त्या हॉलमधले जुने लोक तावातावानं भांडायचे. एक म्हणायचा, अंगातून लाट काढायची मूळची झटके देत नाचणाऱ्या पॉपिंगवाल्यांची, ह्यांनी ती हातांत उतरवली. दुसरा म्हणायचा, छट्, रेव्ह पार्ट्यांमधल्या अंधारात पांढरे हातमोजे घालून नाचणाऱ्या पोरांनी काढलंय हे. आमचे हे म्हणायचे, "तुमचं मिटलं की सांगा," आणि नाचायला लागायचे.

आम्ही भेटलो त्याच हॉलमध्ये. ह्यांना तिथं सगळे 'पाण्या' म्हणायचे. मी आगाऊपणे म्हणाले, मला पण शिकव. ह्यांनी दोन्ही हातांच्या बोटांची टोकं माझ्या टोकांना लावली. "सुटू द्यायची नाहीत. अंगठ्याशेजारच्या बोटापासून सुरू कर, करंगळीपर्यंत जा. आधी बोटाचं मूळ, मग मधला सांधा, मग टोक. एक बोट पुरतं खाली गेल्याशिवाय पुढचं हलवायचं नाही. माझी लाट तुझ्या हातात आली की मनगट, कोपर, खांदा करत तिकडून परत पाठव." मला ते जमायला चार महिने लागले. लग्न त्याच्या आधीच ठरलं!

गेल्या वर्षी एक मोठी काच ह्यांच्या हातातच तडकली. उजवा तळवा करंगळीच्या बाजूनं खोल कापला. टाके पडले, जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेल्यासारखं. ना जोर, ना स्पर्श. डॉक्टर म्हणाले, नस हळूहळू येते, धीर धरा. धीर आणि हे! पाच महिने घरात बसून माणूस पार करपून गेला. खिडकीच्या काचांवरचे बोटांचे ठसे पुसत बसायचा. मला बघवत नव्हतं.

मग तपासणीचा दिवस आला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात बरा झाल्याचा दाखला दिला की सोमवारपासून दुकान. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. बाई म्हणाल्या, "एकेक बोट हलवून दाखवा." ह्यांनी हात उचलला आणि लाट काढली. अशी सुंदर, की बाई लिहायच्या थांबल्या. "अहो, कमाल आहे! तुमचा हात तर माझ्यापेक्षा चांगला चालतो." आणि दाखल्याचा कागद पुढे ओढला.

मी बघत होते. बाकीच्यांना चारही बोटं चालताना दिसली असती. मला दिसलं की लाट दोनच बोटांत होती, आणि शेवटची दोन मनगटाच्या झोक्यावर नुसती तरंगत होती. लिक्विडवालाच करू जाणे अशी लबाडी. सोमवारी हा माणूस पुरुषभर उंचीची काच उचलणार, आणि दुसऱ्या टोकाला दुकानाचे पासष्टीचे मालक.

चारचौघांत मी ह्यांना अहोजाहो करते. तेव्हा ते सुटलं. "हात इकडे कर," मी म्हणाले. "टोकं लाव."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नको, असं डोळ्यांनी म्हणाले. मी हात पुढे धरूनच बसले. शेवटी टोकं लागली. पहिलं बोट आलं, मधलं आलं. पुढे काहीच नाही. माझ्या शेवटच्या दोन बोटांना नुसतं थंड कातडं टेकलेलं.

"बाई, ह्यांची दोन बोटं चालत नाहीत," मी म्हणाले, आणि मलाच रडू फुटलं.

दाखला राहिला. आठ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घ्यायचे. नवव्या दिवशी सकाळी चहा बाजूला सारून ह्यांनी हात टेबलावर ठेवला. "लाव टोकं. मला कळत नाही ना, आली की नाही ते."

मग रोज तेच. चहा गार व्हायचा. हे विचारायचे, "आली?" मी म्हणायचे, "नाही." एकदा फार वाटलं, होय म्हणून टाकावं, चेहरा किती उतरला होता बिचाऱ्याचा. पण जीभ रेटेना. शेजारची जाऊ मला म्हणाली सुद्धा, "तू दगड आहेस अगदी." असेन.

तीन महिन्यांनी एका सकाळी टोकं लावली. पहिलं बोट, मधलं, मग नेहमीची थांबलेली जागा. मी हात काढणार, एवढ्यात माझ्या तिसऱ्या बोटाला काहीतरी टेकलं. अगदी हलकं. मग करंगळीला. लाट कसली, अडखळत आलेली एक थरथर.

"आली," मी म्हणाले.

ह्यांनी बोटांकडे पाहिलं. ह्यांना अजून काहीच जाणवत नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू म्हणतेस," हे म्हणाले, "म्हणजे आलीच." आणि टोकं न सोडता तसेच बसून राहिले.