ग्वेल्फजवळचे रायफलवाले आजोबा

यार, त्या आजोबांना मी विसरूच शकत नाही! माझी पहिली हंटिंग रायफल घ्यायला मी ग्वेल्फजवळ त्यांच्या फार्मवर गेलो होतो. रायफल बघून मी हातच पुढे केला, तर म्हणाले, “थांब बडी, आधी लायसन्स!” इथे कॅनडात रायफल आपसात विकायची तरी सरकारचा ओके लागतो. थरथरत्या बोटांनी त्यांनी माझा लायसन्स नंबर ऑनलाइन टाकला. ओके आला आणि मी उडीच मारली! तरी रायफल त्यांच्याच हातात.

“हात कापतात, म्हणून विकतोय,” ते म्हणाले. “हरीण जखमी होऊन पळालं, तर शेवटपर्यंत शोधशील?”

“शोधीन, प्रॉमिस!”

त्यांनी माझ्या पांढऱ्या स्नीकर्सकडे बघितलं. मग रायफल दिली आणि स्वतःचे गमबूटही काढून दिले. “मग हे लागतील.”