शेवटच्या चौकटीपासून वाचणारे गार्डआप्पा

गार्डआप्पा चित्रकथा उलटी वाचायचे. पेपरात चार चौकटींची पट्टी आली, की त्यांचं बोट आधी चौथ्या चौकटीवर जायचं, मग तिसरीवर, मग दुसरीवर, आणि सगळ्यात शेवटी पहिलीवर. निपाणीच्या वाचनालयातले आम्ही तिघं-चौघं त्यांना हसायचो. "आप्पा, आधी बेड्या बघायच्या आणि मग चोरी, ह्यात मजा ती काय?" असं मी एकदा विचारलं. चष्मा न काढता ते म्हणाले, "मास्तर, छत्तीस वर्सं शेवटच्या डब्यात बसलोय. मला गाडी मागनंच दिसती. फुडचं इंजिनवाल्यानं बघावं."

रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाल्यावर हा माणूस राहायला आला तो निपाणीत, जिथं रेल्वेच नाही. बायकोचं माहेर जवळच्या बोरगावचं, म्हणून इथं घर घेतलं. घर झालं आणि दोन वर्षांत बायको गेली, लेक लग्न होऊन बेळगावजवळच्या काकतीला गेली, आणि आप्पा रुळाशिवायच्या गावात एकटे उरले. एसटीलासुद्धा ते वेळेवर सुटली का म्हणून घड्याळ लावून बघत. सरकारनं मध्यंतरी गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं ठरवलं, त्याचा त्यांना भयंकर राग. "मॅनेजर हाटेलात असतोय," म्हणायचे.

बेळगावहून निघणाऱ्या एका पेपरात 'डिटेक्टिव्ह सरनोबत' नावाची चित्रकथा रोज यायची. आम्ही तिचे भक्त. मी, भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या शैलाक्का. आणि तंबाखूच्या वखारीवरचा बापू. बापू चाळिशीतला, आमच्यात सगळ्यात लहान. तो अक्षरांच्या वाटेला जात नसे. पेपरात चित्र दिसलं तरच थांबायचा, अग्रलेखाला तर हातही लावायचा नाही. सकाळी नऊला पेपर आला की चौघांची डोकी एका पट्टीवर. वयाची बेरीज अडीचशेच्या वर, आणि विषय काय, तर सरनोबताच्या टोपीत पिस्तूल मावेल का.

अशात त्या चित्रकथेत रेल्वेवरचा दरोडा सुरू झाला. बेळगावहून मिरजेकडे निघालेली दुपारची पॅसेंजर, शेवटच्या डब्यात पेटीत बंद केलेला देवीचा मुकुट, गाडी माळावर मध्येच थांबते, आणि मिरजेला पेटी उघडावी तर आत दगड. संशयित तिघं: ड्रायव्हर, पार्सल क्लार्क आणि गार्ड. आप्पांचा चेहरा असा खुलला, की जणू त्यांना कामावर परत बोलावलंय.

त्या दिवसापासून आम्हाला तोंड उघडायची सोय राहिली नाही. सिग्नल चुकलाय, डबे उलटे जोडलेत, एवढ्या वेळात चढाला गाडी थांबत नाही. चुका ते मोजून दाखवायचे आणि दाखवताना कुणाची भीड ठेवायचे नाहीत. एकदा मी ऐटीत म्हणालो, "आता गाडी घटप्रभा सोडून गोकाक रोडला येईल, तिथं सरनोबत चढणार." आप्पांनी पेपर खाली ठेवला. "बेळगावास्नं निघाल्याव आदी गोकाक रोड येतंय, मग घटप्रभा. मास्तर, तुमी तीस वर्सं पोरास्नी हेच शिकीवलं व्हय? मग ती पोरं घरला कशी पोचली म्हणायची?" वाचनालय हसलं. कोपऱ्यात माझा एक जुना विद्यार्थी बसला होता, आता तहसीलला मोठ्या हुद्द्यावर. तोही हसला. त्या हसण्यानं मला जे झोंबलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आप्पा पाच मिनिटांत विसरून गेले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यालो आणि डोक्यात मात्र त्यांचा हिशेब चुकता करायचं घेतलं.

गाडी थांबलेली असताना गार्डाच्या नकळत पेटी बदलता येते का, यावर आमचा आठवडाभर वाद चालला. शेवटी बापूनं वखारीची जीप काढली आणि आप्पांना आणि मला चिक्कोडी रोड स्टेशनवर घेऊन गेला, प्रत्यक्ष बघायला. चित्रातल्या चोरीचा पंचनामा खऱ्या स्टेशनवर करणारे असे येडे दुसरीकडे सापडायचे नाहीत. आप्पा फलाटावर पावलं मोजत चालले, एका मालगाडीच्या गार्डाला हात केला, त्यानंही हात केला. मग बाकावर बसले आणि अचानक बोलायला लागले.

त्यांच्या तरुणपणी त्यांच्या डब्यातून एक पार्सल खरोखर नाहीसं झालं होतं. चौकशी नऊ महिने चालली. गाडी थांबली तेव्हा काय करत होता, असं साहेबानं विचारलं. आप्पा म्हणाले, हातदिवा पुसत होतो. "भर दुपारी दिवा पुसत हुता व्हय, म्हणून सगळं हापीस हसलं बगा," आप्पा सांगत होते. "आता दिवसा पुसला तरच रात्री लागतोय न्हवं? पण कोण ऐकतंय!" पुढे चोर सापडला, तो दुसराच निघाला, आप्पा निर्दोष सुटले. कागदावर सुटले. बोरगावात मात्र मेव्हण्यांनी पोरांना त्यांचं नाव 'दिवेवाले पाव्हणे' असं शिकवलं. बायकोनं वीस वर्षं माहेरचं लग्नकार्य पाहिलं नाही. "तिनं त्यापायी लई सोसलं," एवढं म्हणून त्यांनी आम्हा दोघांकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "तुमी दोघंच हैसा म्हणून बोललो. ही गोष्ट हितंच ठेवा." बापूचे डोळे भरून आले. मी मान हलवली. मनात मात्र दुसऱ्या दिवशी शैलाक्कांना हे कसं रंगवून सांगायचं, याची वाक्यं जुळत होती.

सांगितलंही. चटपटीत काही हाती आलं की जिभेला दम धरवत नाही. शैलाक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "भर दुपारी दिवा! म्हणून म्हातारा त्या चित्रातल्या गार्डाची कड घेतोय होय?" खरंच, आप्पा रोज बजावत होते: गार्ड निर्दोष आहे, चोर पार्सल क्लार्कच. आम्हाला तो हट्ट वाटायचा. त्यांच्या दृष्टीनं तो दुसऱ्यांदा चाललेला खटला होता, आणि ह्या खेपेला आपल्याला लवकर सोडावं एवढंच त्यांचं मागणं होतं.

नेमकं त्याच वेळी पेपरानं छापलं: दरोडा कोणी घातला, वाचकांनी कळवावं. खाली चित्रकाराचा व्हॉट्सअॅप नंबर. आप्पांना तो पाठवापाठवीचा उद्योग जमत नसे, म्हणून ते माझ्याकडे आले. चित्रकारानं गार्डाला काळा कोट घातला होता, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. "काळा कोट टीसीचा असतोय वो! गार्डाचा ड्रेस पांढरा. ह्यो घ्या." त्यांनी पाकिटातून स्वतःचा फोटो काढला, निवृत्तीच्या दिवशीचा. पांढरा ड्रेस, खांद्यावर पट्ट्या, छातीवर नावाची पाटी, काखेत गुंडाळलेल्या झेंड्या. "ह्येचा फोटू धाडा. बगून काढा म्हणावं. आनी चोर क्लार्क हाय, हे बी लिवा."

मी मोबाइलनं फोटोचा फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं: 'चोर गार्डच आहे. विचारलं तर म्हणेल, हातदिवा पुसत होतो. भर दुपारी!' पाच मिनिटांत चित्रकाराचं उत्तर आलं, 'सर, कल्पना जबरदस्त. चेहराही भारी आहे. हाच वापरू का?' तेव्हा मला नको म्हणता आलं असतं. मी अंगठा पाठवला. शिवाय जुन्या विद्यार्थ्यांच्या दोन ग्रुपांवर टाकलं, सगळ्यांनी गार्ड लिहा, गंमत आहे. बापूला सांगितलं तर तो म्हणाला, "मला न्हाय जमणार मास्तर. आप्पांना वाईट वाटंल." त्यानं एकट्यानं पार्सल क्लार्कला मत दिलं.

तो अंक आला तेव्हा आम्ही सगळे आधीच बसलो होतो. शैलाक्का तर त्या दिवशी अर्धा तास लवकर आल्या होत्या. आप्पांनी सवयीनं बोट चौथ्या चौकटीवर ठेवलं. बेड्या घातलेला गार्ड, आणि तोंड हुबेहूब त्यांचं. बोट तिसरीवर गेलं. तिथं गार्ड म्हणत होता, 'मी हातदिवा पुसत होतो साहेब,' आणि सरनोबत हसत होता, 'भर दुपारी?' बोट तिथं बराच वेळ थांबलं. मग दुसरी, मग पहिली. शैलाक्का खुदकन हसल्या. मलाही हसू आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आप्पांनी पेपर नीट घडी घालून माझ्यासमोर ठेवला. "ड्रेस बरोबर काढलाय मास्तर," ते म्हणाले. "बटणं सुदिक बरोबर. पाटीव नाव तेवढं घातलं न्हाय." आणि उठून गेले.

पुन्हा ते वाचनालयात आले नाहीत. नावाची गरजच पडली नाही, चेहरा पुरला. गुरुवारच्या बाजारात भाजीवाल्या विचारू लागल्या, "आप्पा, मुकुट कुठं ठेवलासा?" बोरगावच्या मेव्हण्यांच्या घरातून ती पट्टी मोबाइलवर आप्पांच्या लेकीला काकतीत पोचली. लोक गमतीनंच म्हणत होते. पण आप्पांची छत्तीस वर्षं एका बाजूला आणि ही चार चित्रं एका बाजूला, आणि गावानं चित्रं उचलली. महिन्याभरात घराला कुलूप लागलं. आप्पा लेकीकडे गेले.

दोन महिन्यांनी मी काकतीला गेलो. माफी मागायला गेलो होतो, खरंच. आप्पा वाळले होते, पण माझ्यासाठी खुर्ची त्यांनी स्वतः ओढली. मग एक वही काढून उघडली. त्यात त्या चार चौकटी कापून चिकटवल्या होत्या, उलट्या क्रमानं. आधी बेड्या, मग चौकशी, मग झडती, आणि शेवटी दिवा हातात घेऊन दारात उभा असलेला मोकळा गार्ड. "माझ्या बाजूनं वाचलं की सुटतोय बगा मी," म्हणाले आणि हसले.

मग वही मिटून त्यांनी विचारलं, "फोटू मीच दिलता, त्येचं काय न्हाय. पण दिव्याची गोष्ट कुणी सांगितली? बाकावर आपन तिघंच हुतो. मी, तुमी, आनी बापू." ते माझ्याकडे बघत होते, त्यांना फक्त खरं हवं होतं. ह्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला मी एवढ्या लांब आलो होतो. आणि माझ्या तोंडून गेलं, "बापू."

"बापूनं?" ते म्हणाले. "बापू माझ्या पोरागत हुता वो." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं मास्तर, तुमी खरं सांगितलं."

बापू त्यांना आठवड्याला फोन करायचा. आप्पांनी घ्यायचे बंद केले. बापूनं एकदा पेढे पाठवले, ते परत आले. मला येऊन विचारायचा, "काय झालं असंल वो मास्तर?" मी म्हणायचो, तब्येत बरी नसेल. दिव्याची गोष्ट आप्पांनीच आणखी कुणाला सांगितली असेल, असं मी त्याला पट्टी आली त्याच दिवशी पटवून ठेवलं होतं. दिवाळीच्या आधी आप्पा गेले. बापूनंच जीप काढली आणि आम्ही दोघं काकतीला गेलो. दारात लेक उभी होती. तिनं बापूकडे बघून हात जोडले. "बापूमामा, राग मानू नका. तुम्ही आत येऊ नये असं आप्पांनी सांगून ठेवलंय." बापू उंबऱ्याबाहेर थांबला. मी चपला काढल्या आणि आत गेलो. भिंतीशी पाटावर तोच फोटो होता, पांढऱ्या ड्रेसमधला, हार घातलेला. लेक रडत म्हणाली, "मास्तर, निपाणीत एकच माणूस खरा भेटला, असं शेवटपर्यंत म्हणत होते तुम्हाला." तिनं दिलेला चहा मी सगळा प्यालो.

परतताना बापूनं हत्तरगीचा टोलनाका ओलांडला. मग त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "माझं काय चुकलं वो मास्तर?" मी म्हणालो, "म्हातारपणी माणसं असंच करतात, मनाला लावून घेऊ नकोस." त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "व्हय, तसंच असंल."

वाचनालयात आम्ही अजून बसतो. सरनोबत आता कुठल्याशा बंदरावर हिरे शोधतोय. खरं काय ते बापूला सांगायचं मी रोज ठरवतो, आणि रोज पेपर आला की राहून जातं. शेवटी हे सगळं लिहून काढलं. छापून आलं तरी हरकत नाही. ह्यात एकही चित्र नाही, आणि चित्र नसलं की बापू पान उलटतो, हे मला पक्कं माहीत आहे.