नसलेल्या बोटांचं दुखणं
मशीनच्या तेलाचा वास आला की फरीदाबादची आमची एक खोली आठवते. नव्या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात प्रेसखाली बाबांची दोन बोटं गेली, आणि ती नसलेली बोटं दुखतात म्हणून ते कण्हत बसायचे. कंपनीचा डॉक्टर हसला, "जो उँगली है ही नहीं, वो दुखेगी कैसे? बहाने मत बनाओ." कामचोर ठरवून त्यांना काढून टाकलं. घरी मीही म्हणाले, "बाबा, नाटक पुरे." पुढे कॉलेजात मानसशास्त्राच्या पुस्तकात व्याख्या सापडली: अवयव गेल्यावरही त्या जागी जाणवणारी खरी वेदना, म्हणजे फँटम पेन. मी त्यांना वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, "नाव आहे होय त्याला? म्हणजे डॉक्टरला ठाऊक असणार." माफी मी आजवर मागितली नाही. परीक्षेत तीच व्याख्या आली, पूर्ण मार्क पडले आणि मी घरातली पहिली पदवीधर झाले.