सातसाहेबांच्या पायऱ्या

नोकरीत असेपर्यंत त्यांना कुणी चुकूनही साहेब म्हटलं नव्हतं. पाणीखात्यात ते मीटर वाचायचे. लोकांच्या जिन्याखाली, मोरीमागे, जळमटांत डोकं घालायचं, बॅटरीचा झोत टाकायचा, आकडा टिपायचा आणि कपडे झटकत निघायचं. दार उघडणारी बाई आत वळून ओरडायची, "मीटरवाला आलाय!" बस्स. चहा सोडाच, कुणी कुत्रंसुद्धा आवरायचं नाही. सगळा जन्म त्यांनी आकडे वाचले, पण एकाही आकड्यानं त्यांच्याशी कधी हितगुज केलं नाही. निवृत्त झाले आणि आकडे बोलायला लागले. त्यांच्या बायकोच्या मते घात झाला तो इथंच.

बायकोचं इस्त्रीचं दुकान होतं. गल्लीच्या तोंडाशी, ग्रंथवाचनाच्या सभागृहाच्या अगदी समोर. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची. काकूंचं तोंड इस्त्रीसारखं होतं. गरम, जड, आणि फिरलं की सुरकुती शिल्लक ठेवायचं नाही. घरात रिकामा बसलेला नवरा त्यांना सहन होईना. त्यांनीच सांगितलं, "अहो, समोर वाचन चालतं, तिथं जाऊन बसा. दोन चांगले शब्द कानावर पडतील." पुढं कायम त्या स्वतःच्याच या वाक्याला शिव्या घालत राहिल्या.

सभागृहात दर आठवड्याला वाचकबाबा पवित्र ग्रंथ वाचायचे. पूर्वी ते शाळेत भाषा शिकवायचे. आता ऐंशी ओलांडली होती, पाठ धनुष्य झाली होती, पण आवाज असा की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीलाही प्रत्येक शब्द कळायचा. लोक कथा ऐकायचे, हळहळायचे, हसायचे. मीटरवाल्यांना कथेत रस नव्हता. ते आकडे ऐकायचे. सात दिवस, सात दिवे, बारा घराणी, चाळीस दिवसांचा पाऊस, चाळीस वर्षांची वणवण. एके दिवशी ते घरी आले तेच डोळे विस्फारून.

"अगं, सगळं आकड्यांत लिहून ठेवलंय! तीन म्हणजे दैवी. चार म्हणजे पृथ्वी. दोन्ही मिळून सात, म्हणजे पूर्णत्व!"

"आणि भाजीची पिशवी कुठंय?" काकूंनी विचारलं.

पिशवी बाजारातच राहिली होती.

त्यानंतर माणूस हातचा गेला. चहात साखर घालायची तर तीन चमचे, घरात खुर्च्या चार, दाराला कडी लावून ती सात वेळा ओढून बघायची. काकूंच्या नाकी नऊ आले, तर नवाचाही अर्थ त्यांच्याकडं तयार होता. एकदा वैतागून त्या म्हणाल्या, "छप्पन वेळा सांगितलं, शर्टांच्या घड्या मोजत बसू नका! बघा आता, छप्पन आहे का तुमच्या ग्रंथात!"

ते खरंच विचारात पडले. मग चेहरा उजळला. "आठ साती!"

घरापुरतं हे खूळ राहिलं असतं तर काकूंनी ते पोटात घातलं असतं. पण गल्लीत या माणसाला गिऱ्हाईक मिळालं. बेकरीवालीनं मुलीच्या परीक्षेबद्दल विचारलं, यांनी बैठक क्रमांकाची बेरीज करून "होणार" म्हणून सांगितलं, आणि मुलगी पास झाली. ती पास होणारच होती, दर वर्षी वर्गात पहिली यायची. पण तेवढ्यावरून गल्लीनं यांना सातसाहेब करून टाकलं. ज्यांनी पूर्वी तोंडावर दार लावून घेतलं होतं तेच आता खुर्ची पुढं सरकवायला लागले. सातसाहेबांनी चालणंसुद्धा बदललं. हात मागं बांधून, हनुवटी वर करून, जणू ढगांचं मीटर वाचत चाललेत. काकूंना ती चाल दुकानातून दिसायची आणि इस्त्रीखालच्या कॉलरची धडगत नसायची.

त्याच सुमाराला जुनं सभागृह पाडायचं ठरलं. पावसाळ्यात गटाराचं पाणी आत शिरायचं, म्हणून नवी इमारत दोन पुरुष उंचीच्या जोत्यावर बांधायची होती. समितीचे अध्यक्ष फर्निचरचे व्यापारी. गृहस्थ सही करण्यात तरबेज, विचार करण्यात नाही. पायऱ्या किती, हा प्रश्न निघाला आणि सातसाहेब उभे राहिले.

"सात," ते म्हणाले. "पूर्णत्वाकडं जायच्या पायऱ्या सात. आठवी असेल तर तो अहंकार. सहा असतील तर ती अपूर्णता."

समिती गहिवरली. अध्यक्षांनी सही केली. गवंडी म्हणाला, "सांगाल तेवढ्या करतो." त्याला काय, दगड त्याचे नव्हते आणि गुडघेही.

रात्री जेवताना काकूंनी विषय काढला. "अहो, एवढ्या उंचीला सात पायऱ्या म्हणजे एकेक पायरी केवढी होईल? म्हातारी माणसं चढणार कशी?"

"श्रद्धेनं," सातसाहेब म्हणाले आणि दुसऱ्यांदा भात मागितला.

सभागृह उभं राहिलं. पायऱ्या दिसायला फार भारदस्त होत्या, राजाच्या महालाला शोभतील अशा. प्रत्येक पायरी गुडघ्याएवढी उंच. उद्घाटनाच्या दिवशी तरुण मंडळी उड्या मारत वर गेली. बायकांनी साड्या सावरत, एकमेकींना ओढत कसाबसा चढ पार केला. बेकरीवालीची सासू दुसऱ्या पायरीवर जी बसली ती तिथूनच परत गेली. सातसाहेब वरून हात देत होते आणि धापा टाकत सांगत होते, "कष्टाशिवाय पूर्णत्व नाही!"

मग वाचकबाबा आले. बगलेत ग्रंथ, हातात काठी. त्यांनी पहिल्या पायरीवर काठी टेकली, उजवा पाय उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि परत खाली ठेवला. डावा उचलून पाहिला, तोही तिथंच अडला. काकू दुकानात इस्त्री उचलून धरूनच उभ्या राहिल्या.

अध्यक्ष वरून धावत आले. "बाबा, दोघे जण तुम्हाला खुर्चीसकट उचलतील. दर आठवड्याला उचलतील. काही काळजी करू नका."

"मी वाचायला आलोय," बाबा म्हणाले. "कपाट नव्हे मी, उचलून ठेवायला."

आणि ते पहिल्याच पायरीवर बसले, ग्रंथ उघडला आणि वाचायला सुरुवात केली. वर पंखे फिरत होते, नवं व्यासपीठ चकाकत होतं, आणि वाचन रस्त्यावर चाललं होतं. हळूहळू एकेक जण खाली उतरला. काकूंनी दुकानातलं बाकडं बाहेर आणलं, कपड्यांचे गठ्ठे जमिनीवर टाकले आणि म्हाताऱ्यांना बसायला दिलं. शेवटी वर एकटे सातसाहेब उरले. तेही उतरले, पण मागं हात बांधून उतरता येईना, तेव्हा बसत बसत, लहान मुलासारखे घसरत उतरले. काकूंनी तोंड फिरवून घेतलं. लाजेनं नाही, हसू आवरेना म्हणून.

वाचन संपल्यावर सातसाहेबांनी बाबांना गाठलंच. "बाबा, तुम्हीच सांगा. ग्रंथात सात म्हणजे पूर्णत्व ना?"

"हो," बाबा म्हणाले. "सात म्हणजे पुरेसं. जेवढं लागतं तेवढं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपण नाही का म्हणत, सतरा वेळा सांगितलं म्हणून? कुणी मोजलेलं असतं का? ग्रंथ लिहिणारेही तसेच बोलायचे. चाळीस वर्षं वणवण म्हणजे जीव मेटाकुटीला येईपर्यंत वणवण. त्यातलं मेटाकुटीला येणं कळलं पाहिजे, चाळीस नाही कळले तरी चालेल."

दुसऱ्या कुणाचे डोळे उघडले असते. सातसाहेबांनी मान डोलावली, घरी आले आणि म्हणाले, "ऐकलंस? बाबांनी सतराचा उल्लेख केला. दहा अधिक सात. त्यात काहीतरी आहे."

काकूंनी कपाळाला हात लावला.

बाबा त्यानंतर बरेच महिने पायरीवर बसून वाचत राहिले. थंडी आली. दगड गार पडायचा. काकू जुन्या चादरींची घडी इस्त्रीनं गरम करून त्यांच्या बुडाखाली घालायच्या. "अध्यक्षांना सांगा ना, पायऱ्या फोडून दुसऱ्या करा म्हणून," त्या बाबांना म्हणायच्या. बाबा हसायचे. "सांगितलं. समितीपुढं ठेवतो म्हणाले."

समितीपुढं तो विषय आला तेव्हा सातसाहेबांनीच त्याला विरोध केला. रस्त्यावर बसणं हासुद्धा संकेत आहे म्हणे. जमीन ही आठवी पायरी, आणि आठ म्हणजे नवा आरंभ. उद्घाटनाच्या आधी आठ म्हणजे अहंकार होता, हे समितीतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

काकू तो आठवडाभर नवऱ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलून उपयोग नव्हता, आणि न बोलण्याचाही झाला नाही. सातसाहेबांना वाटलं, बायको मौन पाळतेय. ते शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत सुटले.

हिवाळा सरता सरता बाबांच्या छातीत कफ भरला. दोन आठवडे वाचन झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात ते गेले. पहिल्या पायरीवरही त्यांचं पाऊल कधीच पडलं नाही. काकूंनी दुकान बंद ठेवलं आणि आतल्या अंधारात, थंड इस्त्रीशेजारी बसून मोकळेपणी रडून घेतलं.

शोकसभा अर्थातच वर, नव्या सभागृहात ठेवली. तिला अध्यक्षांच्या आई आल्या. श्रीमंत, वजनदार बाई. तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय असा मुरगळला की किंकाळी चौकापर्यंत गेली. चारच दिवसांत गवंडी हजर. प्रत्येक पायरीपुढं त्यानं अर्ध्या उंचीचा दगड बसवला. बाबांच्या गुडघ्यांसाठी जे इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं, ते आईसाहेबांच्या घोट्यासाठी चुटकीसरशी सुचलं.

पायऱ्या झाल्या चौदा. काकूंना वाटलं, आता तरी या माणसाचं तोंड बंद होईल. छे! पुढच्याच सभेत सातसाहेब व्यासपीठावर चढले. "सात आकाशाकडं नेणाऱ्या, सात पृथ्वीशी जोडणाऱ्या. दुहेरी पूर्णत्व! पहिल्या दिवसापासून रचना हीच होती, ती फक्त टप्प्याटप्प्यानं प्रकट झाली." टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी त्यांना मिठी मारली. समितीत त्यांना कायमचं सभासदत्व मिळालं.

कर्ण्यावरून हे सगळं काकूंच्या दुकानात ऐकू येत होतं. बेकरीवाली गठ्ठा घ्यायला आली. "केवढा अभ्यास हो साहेबांचा! तुम्ही वर नाही आलात?"

"मला चढायला जमतं," काकू म्हणाल्या. "ऐकायला जमत नाही."

संध्याकाळी सातसाहेब घरी आले ते तरंगतच. काकूंनी पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "एक सांगा. वाचकबाबांचा आकडा कोणता?"

सातसाहेब खूश झाले. इतक्या वर्षांत बायकोनं पहिल्यांदाच शंका विचारली होती. त्यांनी डोळे मिटले. "एक. ते पहिल्याच पायरीवर बसायचे ना? एक म्हणजे ऐक्य, एक म्हणजे..."

"एक म्हणजे एक माणूस," काकू म्हणाल्या. "म्हातारा. गारठलेला. तुमच्या आकड्याखाली बसलेला. पुढं एक अक्षर काढलंत तर हा तांब्या डोक्यात घालीन."

तांब्या खरोखरच हातात होता. सातसाहेब दोन पावलं मागं सरकले. रात्रभर ते कुशी बदलत राहिले, आणि काकूंना क्षणभर वाटलं, या माणसात माणूस शिल्लक असेल बहुतेक.

सकाळी दूधवाला आला. सातसाहेब दारात उभे राहून त्याला समजावून सांगत होते की तांबा हा सातवा धातू आहे, आणि काल घरात त्यांना त्याचं दर्शन झालं.

आता त्यांचा लौकिक पलीकडच्या वस्तीपर्यंत पोचलाय. तिथंही सभागृह बांधतायत आणि खिडक्या किती ठेवायच्या हे विचारायला परवा दोन सभ्य गृहस्थ मोटार घेऊन आले होते. सातसाहेब पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली आणि काकूंना म्हणाले, "तीन सांगावं म्हणतो. दैवी आकडा."

"सांगा," काकू म्हणाल्या. "तिथले लोक उन्हाळ्यात श्वास घेतात का, तेवढं मात्र विचारून घ्या."

मोटार गेली. काकूंनी शर्टावर पाण्याचा हबका मारला आणि इस्त्री दाबली.