एडिथ दोन होत्या

माझ्या शेजारणीला सगळी गल्ली मंजुश्री म्हणायची. तिचं खरं नाव पुनम. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कुणी विचारणार नाही.

पुनम रेणापूरची. लातूरच्या वीरेशची ती दुसरी बायको. वीरेशचं किराणा दुकान, घरात आई रत्नम्मा. पहिली बायको मंजुश्री काविळीनं गेली, तिच्यावर रत्नम्मांचा फार जीव. आमच्याकडं लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. रत्नम्मांनी मुलाला सांगितलं, "मंजुश्रीच लिही. दुसरं नाव माझ्या तोंडात बसंना." त्यानं लिहिलं. पंगती उठल्या, कुणाच्या घशात घास अडकला नाही.

पुनमला इंग्रजीची हौस, म्हणून मी तिला माझ्या कामात ओढलं. नांदेडच्या राजशेखर सरांनी एका इंग्रजी विद्यापीठाचं काम घेतलं होतं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या माणसांचा डेटाबेस! जुन्या दानपत्रांत, मठांच्या कागदांत ज्याचं म्हणून नाव आलं, राजा असो की गुराखी, त्याची वेगळी नोंद करायची. दुपारी आम्ही माझ्या घरी कॉम्प्युटरवर बसायचो. मी आपली उरकायची. ही मात्र त्या मेलेल्या माणसांत जीव गुंतवायची. एखाद्या बाईबद्दल नुसतं 'अमक्याची बायको' सापडलं की हिचा चेहरा उतरायचा. "नावच न्हाई गं हिला," म्हणायची.

डोकेदुखी असायची ती सारख्या नावांची. दोन कागदांत एकच नाव आलं, तर माणूस एक की दोन हे ठरवावं लागे. एल्फविन नावाच्या जमीनदाराची बायको एडिथ दोन दानपत्रांत आली, मध्ये बऱ्याच वर्षांचं अंतर. पुनमनं दोन एडिथ केल्या.

सरांचा फोन आला, पुनमनं स्पीकरवर घेतला. "मॅडम, नवरा एक, गाव एक, नाव एक. बायका दोन कशा झाल्या?"

"सर, पहिली वारली असंल. दुसरी आणली असंल, तिला तेच नाव ठेवलं असंल."

सर हसले. "असं कुठं असतंय का? पुरावा हाय का काही?"

मी तोंड उघडणार तोच तिनं माझा हात दाबला. "न्हाई सर," म्हणाली. सरांनी दोन्ही नोंदी एक केल्या. त्यांचं चुकलं नाही, कामाचा नियमच तो. पण पुनम पदरात तोंड घालून रडली.

"उज्वला, मी मेल्यावर तरी मला पुनम म्हणून कुठंतरी ठेव गं. एवढंच कर."

"गप, काहीबाही बोलू नको," मी खेकसले. पण शब्द दिला.

गेल्या वर्षी डेंग्यूनं तिला नेलं. रत्नम्मा ऊर बडवून रडत होत्या, "माझी मंजू दोनदा गेली गं!" मला त्या बाईचा संताप यायला हवा होता. आला नाही. ती खरंच रडत होती.

लिंगायतांत पुरतात. पुनमला वीरेशच्या शेतात पहिलीच्या शेजारी ठेवलं. तिथं आधीचा दगड होता: लिंगैक्य मंजुश्री वीरेश. लिंगैक्य म्हणजे आमच्यातलं कैलासवासी. मी वीरेशला म्हणाले, "हिचा वेगळा दगड करा, त्यावर पुनम लिहा." तो आईकडं बघायला लागला.

"नाव हाय की तिथं," रत्नम्मा म्हणाल्या. "ही काय वेगळी होती व्हय?"

मी सरांना फोन करून सगळं सांगितलं, तांदळापासून.  सर म्हणाले, "ताई, मला माहीत नव्हतं. एडिथच्या नोंदीखाली त्यांची शंका टाकू, त्यांच्याच नावानं, पुनम म्हणून. फक्त अशी रीत असती म्हणून दाखवायला काहीतरी पुरावा पाठवा."

दोन समाध्या आणि नाव एकच, हाच पुरावा म्हणून फोटो काढायला मी शेतात गेले. घरच्यांनी मायेनंच केलं असेल, दोघींवर मिळून एकच ओटा बांधून काढला होता. वरून चुना दिलेला, मध्यभागी तोच जुना दगड. मी फोटो काढला आणि बघत उभी राहिले. ओटा एक, दगड एक, नाव एक. तो सरांना पाठवायचं धाडस मला झालं नाही. बघणारा कुणीही म्हणेल, इथं एकच बाई आहे.