रिकामा चमचा

आमच्या सोसायटीच्या मैदानावर फक्की मारली, की तो चुन्याचा वास मला बिबवेवाडीतल्या लहानपणच्या एका गणपतीत नेतो. बायकांची लिंबू-चमचा शर्यत होती. शिट्टी होताच आई पदर खोचून अशी सुटली, की लिंबू जागच्या जागी पडलं. वाटेत आडवा पडलेला मांडवाचा बांबू तिने लय न मोडता ओलांडला आणि दातांत रिकामा चमचा धरून पहिली पोचली. "वहिनी, आपण पोचलात, पण लिंबू यायचंय अजून," परीक्षक म्हणाले. सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मी. लग्नाआधी ती हर्डल्समध्ये राज्यात पहिली आली होती, हे मामाने सांगितलं तेव्हा मी चाळिशीत होतो. हल्ली बाथरूमचा उंबरा ओलांडताना ती माझा हात घट्ट धरते आणि विचारते, "पडणार नाही ना रे मी?"